ह्युएन त्संग, माकडराजा आणि घरातला पडदा

सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर विजयपूर आणि बागलकोट मागे पडलं की बदामी येतं. सातव्या शतकात ही चालुक्यांची राजधानी होती. गादीवर दुसरा पुलकेशी होता आणि त्याने हर्षवर्धनाला नर्मदेच्या अलीकडे पाऊल टाकू दिलं नव्हतं. इ. स. ६४१ च्या सुमारास या राजाच्या मुलखातून एक चिनी भिक्षू गेला. शाळेत आपण त्याचं नाव ह्युएन त्संग असं पाठ केलं, परीक्षेत दोन गुणांचं उत्तर लिहिलं आणि विसरलो.

हाच ह्युएन त्संग आता आपल्या घरच्या टीव्हीवर दिसू शकतो. केस पिंजारलेले, कपडे फाटलेले, हातात बालगीतांचं जुनं पुस्तक, आणि समोर पाण्यातून उसळणारा राक्षसी मासा. चित्रपटाचं नाव ‘जर्नी टू द वेस्ट : कॉन्करिंग द डेमन्स’. हाँगकाँगचे विनोदवीर दिग्दर्शक स्टीफन चाऊ यांनी डेरेक क्वोक यांच्यासह तो केला आणि २०१३ मध्ये चिनी नववर्षाच्या सणात तो प्रदर्शित झाला. त्यात मारामारी आहे, भूतं आहेत, प्रेमकथा आहे, पोट धरून हसवणारे प्रसंग आहेत, आणि अधूनमधून असा एखादा क्षण येतो की हसणारं घर एकदम गप्प होतं. अशा चित्रपटाला नेमकं काय म्हणायचं, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. मला वाटतं, ही सरमिसळ कुठून आली हे कळलं की तो प्रश्नच उरत नाही.

खऱ्या ह्युएन त्संगापासूनच सुरुवात करू. परदेशी जायला बादशाही मनाई असताना तो गुपचूप तांग साम्राज्याची सीमा ओलांडून निघाला. वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल सांडली आणि चार-पाच दिवस पाण्याच्या थेंबावाचून गेले. हुइली या भिक्षूने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात या वाळवंटाचं वर्णन आहे. वाळूत सैन्यं दिसतात आणि विरतात, रात्री पिशाच्चं दिवे घेऊन फिरतात, स्वप्नात एक उंच पुरुष हातात भाला घेऊन येतो आणि ‘ऊठ, चालू लाग’ म्हणून दरडावतो. तहानेने व्याकूळ माणसाला दिसलेले भास म्हणा किंवा आणखी काही, पण राक्षस या कथेत कादंबरीकाराने मागाहून घातलेले नाहीत. ते पहिल्या चरित्रापासून तिथे आहेत.

तो नालंदाला राहिला, शीलभद्रांकडे शिकला, हर्षाच्या दरबारी मान मिळवला आणि ६४५ मध्ये परतला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते. पुढच्याच वर्षी त्याचा प्रवासवृत्तान्त तयार झाला. त्यातलं महाराष्ट्राचं पान प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी वाचावं. दक्षिणेकडून वायव्येला येताना मोठं अरण्य लागतं, त्यात हिंस्र श्वापदं आणि लुटारूंच्या टोळ्या, आणि २४००-२५०० ली (अंतराचं चिनी माप) चाललं की हा देश येतो, असं तो सांगतो. माणसं साधी आणि मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात, मग दोघंही शस्त्र घेऊन समोरासमोर उभे राहतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, त्याला बायकी वस्त्रं देतात, आणि त्या लाजेने तो स्वतःच जीव देतो. राजाच्या पदरी शेकडो वीर आहेत. ते दारू पिऊन झिंगतात आणि मग लढाईत शिरतात. हत्तींनाही दारू पाजतात. जॅकी चॅनचा १९७८ चा ‘ड्रंकन मास्टर’ पाहून ज्यांनी बालपणी झोकांड्या खात मारामारीचे खेळ खेळले, त्यांना हे वाचून मौज वाटेल. दारूच्या धुंदीत लढणाऱ्या वीराचं वर्णन एका चिनी भिक्षूने तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवलं आहे.

याच पानावर पुढे डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन आहे. अभ्यासक तो अजिंठा मानतात. तिथे सत्तरेक फूट उंचीची बुद्धमूर्ती आहे, तिच्यावर दगडी छत्रांचे सात थर आहेत, आणि ही छत्रं कशाचाही आधार न घेता एकावर एक अधांतरी राहिली आहेत, असं तो नोंदवतो. मग लोक काय कारण देतात तेही देतो. कुणी म्हणतं, अर्हताच्या प्रतिज्ञेचं बळ. कुणी म्हणतं, सिद्धी. कुणी म्हणतं, औषधीचा प्रयोग. विहाराच्या दाराशी दोन दगडी हत्ती आहेत, ते कधीकधी गर्जना करतात आणि जमीन हादरते, हेही त्याने ऐकून लिहिलं आहे. ज्या हाताने त्याने जमिनीचा कस, हवा, लोकांचा स्वभाव आणि अंतरं टिपली, त्याच हाताने अधांतरी छत्रंही टिपली. माहिती एका वहीत आणि अद्भुत दुसऱ्या वहीत, असे कप्पे त्याने केले नाहीत.

त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे ६६४ नंतर, गोष्ट लोकांच्या तोंडी गेली आणि वाढत गेली. सुंग काळातल्या कथेत त्याच्या सोबतीला एक वानर आला. नाटकांत आणखी सोबती जमले. १५९२ मध्ये शंभर प्रकरणांची ‘पश्चिमेची यात्रा’ ही कादंबरी छापली गेली. ती वू छंग-अन या लेखकाच्या नावावर मोडते. तिच्यात भिक्षू बिचारा भित्रा आणि रडवेला आहे. खरा नायक माकडराजा सुन वूखोंग. तो स्वर्गात धुमाकूळ घालतो, बुद्धाच्या तळहातावरून उडी मारून पलीकडे जाण्याची पैज लावतो, विश्वाच्या टोकाशी पोहोचल्यासारखं त्याला वाटतं आणि ते खांब म्हणजे बुद्धाची बोटंच निघतात. मग ५०० वर्षं डोंगराखाली दाबला जातो. हा वानर आपल्या मारुतीचा वंशज का, यावर चिनी विद्वानांचं भांडण झालेलं आहे. हू श यांनी १९२३ मध्ये हनुमानाकडे बोट दाखवलं, लू शुन यांना चिनी जलदैत्याचं मूळ अधिक पटलं. आमच्या घरी हा वाद एका वाक्यात मिटला. पडद्यावर माकड दिसताच माझा भाचा ओरडला, “अरे, हा आपला मारुतीच की!”

आम्ही हा चित्रपट पाहिला त्या रात्री घरात सगळे होते. मे महिना, कूलर चालू, भुईमुगाच्या शेंगा आणि थंड ताक. शेजारच्या अक्का त्यांच्या सुनेसह आल्या होत्या. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या घरांतून तेलुगू बोलली जाते आणि बाजारात मराठी, शेजारात कन्नड आणि उर्दू. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं धावत होती. भाचा ती वाचून मोठ्याने मराठीत सांगत होता आणि अक्का ते सुनेला तेलुगूत सांगत होत्या. दोन ठिकाणी अक्कांनी भाच्याआधी सांगितलं, काय होणार ते. “यांना कसं कळलं?” असं भाच्याने विचारल्यावर अक्का म्हणाल्या, “बाळा, असले सिनेमे आम्ही लहानपणी लई पाहिलेत.”

त्या म्हणत होत्या ते तेलुगूतल्या ‘जानपद’ चित्रपटांविषयी. के. व्ही. रेड्डी यांचा ‘पाताळभैरवी’ १९५१ चा. एन. टी. रामाराव माळ्याचा मुलगा, राजकन्येवर प्रेम करणारा, आणि एस. व्ही. रंगाराव नेपाळी मांत्रिक. तलवारबाजी, गाणी, हास्य, मंत्रतंत्र, जादूचा महाल, सगळं एकात. तो बनवणाऱ्या विजया प्रॉडक्शन्सचे नागी रेड्डी आणि चक्रपाणी म्हणजेच १९४७ मध्ये ‘चंदामामा’ मासिक सुरू करणारी जोडी. त्याचीच मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ पासून आपल्या घरी येऊ लागली. म्हणजे खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा विक्रम आणि प्रेतातून बोलणारा वेताळ ज्या हातांनी मराठी मुलांपर्यंत पोहोचवला, त्याच हातांनी पाताळभैरवीचा मांत्रिकही उभा केला. तेलुगू घर आणि मराठी घर या अद्भुताच्या बाबतीत एकाच विहिरीचं पाणी प्यायलेलं आहे. सोलापुरात ही दोन्ही घरं एका भिंतीला भिंत लावून उभी आहेत, म्हणून इथे ते पटकन दिसतं.

आता चित्रपट. सुरुवात नदीकाठच्या गावात होते. बाप आपल्या लहान मुलीला पाण्यात उड्या मारून, मेल्याचं नाटक करून हसवतो आहे. आपणही हसतो. पुढच्या उडीनंतर तो वर येत नाही. नाटक वाटतं, मुलगी हसतच राहते, आणि मग पाणी लाल होतं. चाऊ यांची सगळी रीत या एका दृश्यात आहे. हसण्यासाठी आपण जे दार उघडतो, त्याच दारातून ते भय आत सोडतात. पुढे गावकरी भलताच मासा मारून जल्लोष करतात, खरं सांगणाऱ्या भिक्षूला बांधून टांगतात, आणि खरा राक्षस येतो तेव्हा पाण्यावरच्या लाकडी सांगाड्यावर जो गोंधळ उडतो तो एकाच वेळी जीवघेणा आणि विनोदी आहे. एक बाजू दबली की दुसरी वर जाते, कुणाच्या वजनाने कोण वाचेल ते क्षणाक्षणाला बदलतं. इथे मारामारीचं यंत्र आणि विनोदाचं यंत्र एकच आहे, दोन्हींना हवा असतो नेमका वेळ.

मासा जमिनीवर ओढला की त्याचा माणूस होतो. भिक्षू त्याला मारत नाही, बालगीतं म्हणून त्याच्यातला चांगुलपणा जागा करू पाहतो. मग कळतं, हा कोण होता. बुडणाऱ्या मुलाला वाचवणारा एक माणूस. मुलं पळवणारा समजून गावकऱ्यांनीच त्याला ठेचून मारलं आणि नदीत टाकलं. पुढचा वराहराक्षसही असाच. कुरूप पण बायकोवर जीव टाकणारा नवरा, तिने आणि तिच्या देखण्या याराने त्याचा जीव घेतला.

मला हा चित्रपटाचा गाभा वाटतो, आणि मराठी प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. आपली भुतंही अशीच आहेत. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा, म्हणून तो पिंपळावर बसून वाट पाहतो. बाळंतपणात गेलेली बाई, वतन बुडालेला माणूस, नीट क्रियाकर्म न झालेला जीव, प्रत्येकाच्या मागे एक अन्याय किंवा अपुरं राहिलेलं काहीतरी असतं. आजी भूत सांगायची तेव्हा आधी ते कसं मेलं हे सांगायची. म्हणून तिच्या गोष्टीत भीती आणि कणव वेगळी काढता येत नसत. चाऊ यांच्या राक्षसांकडे पाहताना तीच कणव दाटते, आणि मग त्यांच्याशी होणारी हाणामारी नुसती करामत राहत नाही. समोरच्याला हरवायचं आहे पण त्याच्याशी वैर नाही, अशा लढाईला वेगळं वजन येतं.

राक्षस पकडणारी दुआन ही मुलगी मात्र वेगळ्या विचाराची. ती आपल्या उडत्या सोन्याच्या कड्याने राक्षसाला नमवते आणि त्याला एका चिंधीच्या बाहुलीत बंद करते. आमच्या खोलीत या क्षणी एकाच वेळी तीन तोंडांतून “तात्या विंचू!” असं निघालं. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’त खुनी गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. त्याआधी १९९० च्या ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीतला गंगाराम आणि कवट्या महाकाळ एकाच कथेत होते. हाणामारी, जादू, भय, विनोद आणि गाणी अशी मोट मराठीत बांधली गेली आणि पोरांनी ती डोक्यावर घेतली. समीक्षेने मात्र या चित्रपटांना पोरकट म्हणून बाजूला ठेवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. दोन गोष्टी एकत्र आणणं सोपं असतं, पण भीतीतून हसू आणि हसण्यातून भीती अशी उलटसुलट ये-जा सांभाळणं फार अवघड असतं.

अशी मोट बांधायची गरज का पडते, याचं उत्तर प्रेक्षकात आहे. चिनी नववर्षाला आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर चित्रपटाला जातं. हाँगकाँगचे चित्रपट आग्नेय आशियाभर वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांपुढे दाखवले जात. एकालाच रुचेल असं काही करून चालत नसे. आपल्या तमाशाचं तरी काय होतं? गण झाला की गवळण, मग बतावणी, मग वग. देवाचं नाव, शृंगार, थट्टा, आणि शेवटी राजा-राणी-लढाईची गोष्ट, सगळं एका रात्रीत, कारण समोर अख्खं गाव बसलेलं. सोलापूरचेच शाहीर रामजोशी लावणीही रचत आणि कीर्तनही करत. एकट्या माणसाने हेडफोन लावून पाहायचा चित्रपट एकाच रंगाचा असला तरी चालतो. दहा माणसांच्या खोलीत प्रत्येकाच्या वाटणीचं काहीतरी पानात पडावं लागतं. त्यामुळे असा चित्रपट घरी पाहायचा तर घर भरलेलं असावं, एवढीच माझी अट आहे.

थोडं तंत्राबद्दल. पडद्यावर माणसं हवेत तरंगतात ती अंगातल्या कपड्यांखाली बांधलेल्या पट्ट्यांवर आणि बारीक पोलादी तारांवर. तारा कप्प्यांवरून जातात आणि पलीकडे माणसं त्या ओढतात. ओढणाऱ्याचा हात चुकला तर नटाची उडी लाकडासारखी ताठ दिसते. पूर्वी तारा दिसू नयेत म्हणून प्रकाश जपून टाकावा लागे, आता त्या संगणकावर पुसतात. त्याआधीच्या पिढीत किंग हू यांनी ‘अ टच ऑफ झेन’साठी बांबूच्या वनातली लढाई केली ती पेकिंग ऑपेराच्या कसरती, उडीचे पट्टे आणि संकलनाच्या जोरावर. या चित्रपटाला १९७५ मध्ये कान महोत्सवात तंत्रासाठी गौरवण्यात आलं. २००० च्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधली बांबूच्या शेंड्यांवरची लढाई हा त्यालाच केलेला नमस्कार आहे. चाऊ यांच्या चित्रपटात तारांच्या जोडीला संगणकी चित्रांची रेलचेल आहे. ती काही ठिकाणी मला जास्त वाटते. मासा आणि डुक्कर चालतात, पण शेवटच्या युद्धात मूठ, पाय आणि उडत्या तलवारी अशा तीन शैलींचे वीर माकडराजापुढे उभे ठाकतात तेव्हा हाडामासाची माणसं अजून थोडा वेळ लढायला हवी होती. आकाशातून उतरणारा बुद्धाचा तळहात मात्र मोठा असायलाच हवा होता, आणि तो आहे.

शेवट सांगत नाही. इतकंच सांगतो, की पोथीतलं ज्ञान असलेला हा तरुण एका माणसावर प्रेम केल्याचं कबूल करतो तेव्हा कुठे भिक्षू होतो, आणि दुआनचं सोन्याचं कडं पुढे कुणाच्या डोक्यावर जातं ते कादंबरी माहीत असलेल्यांना कळतं. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

सोलापूरकराला चीनची वाट तशी परकी नाही. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये इथेच जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. चारच वर्षांत व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यात लढाई, प्रेम आणि गाणी एकत्र आहेत. परक्या मुलखात जाऊन आलेला किंवा न आलेला माणूस गोष्टीत शिरतो तो कधी एका रंगात शिरत नाही.

लहान मुलं असतील तर एक काळजी घ्यावी. नदीकाठचा पहिला भाग आणि वराहराक्षसाची खाणावळ ही दोन दृश्यं आठ-नऊ वर्षांच्या आतल्यांना दाखवू नयेत. त्या पोरीचं घर पुढे वाचत नाही, आणि खाणावळीत भाजलं जाणारं मांस कशाचं आहे ते लहान मुलाच्या डोक्यातून लवकर जाणार नाही. त्यांच्यासाठी शांघायच्या वान लायमिंग यांचा साठच्या दशकातला चित्रपट ‘हॅवॉक इन हेवन’ आहे. माकडराजाचा स्वर्गातला धुमाकूळ हाताने रंगवलेल्या चित्रांत, ढोलाच्या तालावर चालणारा. चाऊ यांच्या कथेचा पुढचा भाग २०१७ मध्ये त्सुइ हार्क यांनी केला. तो अधिक झगझगीत आहे आणि पहिल्याइतका हृदयाला भिडत नाही, तरी माकडराजा आणि भिक्षूची धुसफूस पाहायला हरकत नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला जाणं झालं तर सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी, दाराच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेले दगडी हत्ती आहेत, ते मुलांना आवर्जून दाखवावेत. ह्युएन त्संगाने ज्यांच्या गर्जनेची गोष्ट ऐकून लिहिली ते बहुधा हेच. तिथून पुढे सव्विसाव्या लेण्यात जाऊन अचल नावाच्या भिक्षूचा उल्लेख असलेला शिलालेख पाहावा. त्याच नावाच्या अर्हताने हा विहार उभारला, असं प्रवासवृत्तान्तात आहे.